बास्केटबॉल रेफरन्स: मॅचच्या आधी दोन टीमचे आकडे पाहायचे असतील तर ही साइट वापरा, टिप विकत घेऊ नका

पाचपैकी साडेचार स्टार. बास्केटबॉल रेफरन्स ही साइट मी बऱ्याच वर्षांपासून वापरून राह्यलो, शाळेच्या ग्राउंडवर पोट्ट्यांना बास्केटबॉल शिकवतो त्यासाठी पण अन् सकाळी एनबीए (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) पाहतो त्यासाठी पण, अन् मराठीत याच्याबद्दल नीट लिहिलेलं मला अजून कुठं भेटलं नाही म्हणून लिहायला घेतलं. दुसरं कारण म्हणजे आमच्या यवतमाळच्या खेड्यापाड्यात पण आता क्रिकेट संपलं की पोट्टे बास्केटबॉलवर पैसे लावायच्या गोष्टी करतात, अन् त्यांची दोन टीमची तुलना म्हणजे काय तर हे मागच्या पाचपैकी चार जिंकले अन् ते दोनच जिंकले, झालं. एवढ्यावर चहाची पैज पण लावू नये राजेहो.

साइट २००४ पासून चालू आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. एनबीएच्या तीसही टीम, प्रत्येकीच्या सीझनमधल्या ८२ मॅच, प्रत्येक मॅचचा बॉक्स स्कोर (कोणत्या खेळाडूनं काय केलं त्याचा तक्ता), सगळं एका ठिकाणी भेटते. व्हिडिओचा पसारा नाही, बहुतेक आकड्यांचे तक्तेच आहेत, त्यामुळे आमच्याकडच्या नेटवर्कवर पण उघडते. स्टेटहेड नावाची त्यांचीच पैसे भरून घ्यायची सेवा आहे पण मॅचच्या आधी दोन टीम पाहायला त्याची काही गरज पडत नाही.

आता कामाचं सांगतो. सीझनचं पान उघडा अन् खाली अॅडव्हान्स्ड स्टॅट्सचा तक्ता शोधा. बहुतेक जण वरच पर-गेम पॉइंट पाहून थांबतात, अन् तिथंच घोळ होतो. एक टीम मॅचला १२० पॉइंट करते, दुसरी ११५, तर आपल्याला वाटते पहिलीचं अटॅक भारी. पण पहिली जर धावत-पळत खेळून १०८ वेळा बॉल घेऊन जात असन अन् दुसरी १०२ वेळाच, तर हिशोब उलटा होते, १०० पझेशनमागे (बॉल हातात आला की तो जाईस्तोवरचा एक डाव म्हणजे पझेशन) पहिलीचे १११ अन् दुसरीचे जवळजवळ ११३. आपण कापसाचे एकूण क्विंटल सांगत नाही, एकरी उतारा विचारतो, तसंच आहे हे. तक्त्यात पेस म्हणून कॉलम आहे तो म्हणजे मॅचला किती पझेशन, अन् ऑफेन्सिव्ह रेटिंग, डिफेन्सिव्ह रेटिंग हे १०० पझेशनमागचे केलेले अन् खाल्लेले पॉइंट. दोन टीमचे हे तीन कॉलम शेजारी-शेजारी वहीत लिहून काढले तरी अर्धं चित्र समोर येते.

पझेशन कसे मोजतात हे मी पोट्ट्यांना वहीवर करून दाखवतो, काहून का एकदा हातानं केलं की आकड्याची भीती जाते. मारलेले शॉट घ्यायचे, त्यात फ्री थ्रोला (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) ०.४४ नं गुणून मिळवायचं, ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत उचलणं) वजा करायचे, टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) मिळवायचे. समजा ८८ शॉट, २२ फ्री थ्रो, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १४ टर्नओव्हर, तर ८८ अधिक ९.६८ वजा १० अधिक १४, म्हणजे १०१.६८, धरा १०२. ०.४४ कशाला असं पोट्टे हमखास विचारतात. कारण दोन फ्री थ्रो मिळून एक पझेशन संपते पण बास्केट झाल्यावरचा एकटा फ्री थ्रो असतो, टेक्निकल फाउलचा (शिस्तभंगाचा) असतो, त्यांनी वेगळं पझेशन खर्च होत नाही, म्हणून अर्ध्यापेक्षा थोडं कमी. साइट याच्यापेक्षा जरा बारीक सूत्र वापरते पण उत्तर जवळपास तेच येते.

याच तक्त्यात पुढं फोर फॅक्टर्स आहेत, अन् माझ्या मते साइटवरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. डीन ऑलिव्हर नावाच्या बास्केटबॉलच्या आकड्यांच्या अभ्यासकानं हे मांडलं, की मॅच चार गोष्टींवर जिंकते: शॉट किती चांगले पडतात, बॉल किती गमावता, आपलाच चुकलेला शॉट किती वेळा परत उचलता, अन् फ्री थ्रो किती कमावता. त्यानं वजन पण दिलं, अंदाजे ४०, २५, २० अन् १५ टक्के. शॉटसाठी साधी टक्केवारी पाहू नका, इफेक्टिव्ह फील्ड गोल पाहा, त्यात तीनचा पडलेला शॉट दीडपट धरतात. एका खेळाडूनं २० मधले १० शॉट टाकले अन् सगळे दोनचे, तर २० पॉइंट झाले. दुसऱ्यानं २० मधले ८ च टाकले पण सगळे तीनचे, तर २४ झाले. साध्या टक्केवारीत पहिला ५० अन् दुसरा ४०, इफेक्टिव्हमध्ये पहिला ५० अन् दुसरा ६०. चारही फॅक्टर स्वतःचे अन् समोरच्याला करू दिलेले असे दोन्ही बाजूनं दिलेले आहेत, म्हणजे एका टीमचा टर्नओव्हरचा आकडा अन् दुसरी टीम समोरच्याकडून किती टर्नओव्हर करवते तो आकडा, हे दोन भिडवून पाहायचे. तुलना तिथं सुरू होते. नुसतं ही टीम नंबर चार अन् ती नंबर नऊ म्हणणं म्हणजे तुलना नव्हे.

अजून एक कॉलम एसआरएस. सरासरी किती पॉइंटनं जिंकते-हारते त्यात समोरच्या टीम किती तगड्या होत्या ते मिळवून काढलेला आकडा. जिंकल्या-हारल्याच्या रेकॉर्डपेक्षा हा जास्त खरं बोलतो असा माझा अनुभव, कारण एक-दोन पॉइंटनं जिंकलेल्या मॅचमध्ये नशिबाचा वाटा मोठा असतो अन् वीस पॉइंटनं जिंकलेल्यात कमी.

आता हे सगळं करून निकाल कळते का? नाही कळत, अन् हे मी पोट्ट्यांना २०२५ ची फायनल दाखवून समजावतो. ओक्लाहोमा सिटी थंडर त्या सीझनला ६८ जिंकून १४ हारलेली, सरासरी जवळपास १३ पॉइंटनं जिंकणारी, डिफेन्सिव्ह रेटिंगमध्ये पहिला नंबर. समोर इंडियाना पेसर्स, ५० अन् ३२. मुख्य कॉलम काढा, थंडरच वर. पहिली मॅच आपल्याकडं ६ जूनला सकाळी ६ वाजता होती, पेरणीच्या आधीचे दिवस, उन्हानं पहाटेच जाग येते अन् चहा घेऊन बसलो. पेसर्सनं पहिल्या हाफमध्येच १९ टर्नओव्हर केले, म्हणजे जो फॅक्टर थंडरचा हुकमी तोच चालून राह्यला होता. तरी मॅच संपायला ०.३ सेकंद असताना टायरीस हॅलिबर्टननं शॉट टाकला अन् पेसर्स १११-११० नं जिंकले. पूर्ण ४८ मिनिटांत पेसर्स पुढं गेले ते तेवढ्याच ०.३ सेकंदांसाठी. आकडे चुकले का? अजिबात नाही, सात मॅच खेळल्यावर थंडरच ४-३ नं जिंकली. पण एका मॅचवर ज्यानं पैसे लावले त्याला सात मॅच भेटत नाहीत.

त्याच्या महिनाभर आधीचं बोस्टनचं पाहा. २०२४-२५ मध्ये बोस्टन सेल्टिक्सनं अर्ध्यापेक्षा जास्त शॉट तीनचे मारले, एनबीएत असं पहिल्यांदा २०१७-१८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सनं केलं होतं. अन् न्यूयॉर्क निक्सविरुद्ध प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) मॅचमध्ये तीनचे ६० मारून १५ च पडले, ४५ वाया. २० पॉइंटनं पुढं असलेली मॅच ओव्हरटाइममध्ये १०८-१०५ नं हारले. जी टीम तीनवर जास्त अवलंबून तिच्या एका-एका मॅचचा निकाल जास्त हलतो, हे लक्षात ठेवून तक्त्यातला थ्री-पॉइंट अटेम्प्ट रेटचा (एकूण शॉटपैकी तीनचे किती) कॉलम पाहत जा. त्यावरून कोण जिंकन ते कळत नाही, पण निकाल किती डगमगता असन ते कळते.

टीमच्या सरासरीत जे दिसत नाही ते वेगळं पाहावं लागते. पहिलं म्हणजे कोण खेळून राह्यलं. त्यासाठी एनबीएचा अधिकृत इंज्युरी रिपोर्ट असतो, त्यात आऊट, डाउटफुल, क्वेश्चनेबल, प्रोबेबल असे शब्द असतात अन् मॅचच्या वेळेपर्यंत ते बदलत राहतात, म्हणून रात्री पाहून झोपला असाल तर सकाळी परत पाहा. दुसरं म्हणजे काल रात्री मॅच झाली का. लागोपाठ दोन रात्री खेळायची वेळ प्रत्येक टीमवर सीझनमध्ये साधारण १४-१५ वेळा येते, साइटवरच्या टीमच्या वेळापत्रकात तारखा पाहिल्या की कळते. तिसरं मैदान. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, तिथं आदल्या रात्री दुसरीकडं खेळून पोहोचलेल्या टीमचे चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात. अन् हे सगळं पाहूनही काय होते ते परत त्याच फायनलमध्ये पाहा, सहाव्या मॅचआधी हॅलिबर्टनची पोटरी दुखावलेली, खेळन का नाही खेळन अशी अवस्था, तरी पेसर्स १०८-९१ नं जिंकले. सातव्या मॅचला तो उतरला अन् पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याच्या टाचेवरचा स्नायूबंध (अकिलीस टेंडन) तुटला. कोणत्या तक्त्यात हे आधी लिहिलेलं असन सांगा.

आता पैशाचं. बाहेरदेशी जिथं हे कायदेशीर आहे तिथं साधारण भाव असा असतो की ११० लावले तर १०० जिंकता. म्हणजे १०० पैजांमध्ये ५२ जिंकलात तर ५,२०० आले, ४८ हारलात त्याचे ५,२८० गेले, बरोबर अंदाज जास्त अन् तरी ८० चा तोटा. नुसतं बरोबरीत राहायला ५२.४ टक्के पाह्यजे. अन् भाव काढणाऱ्या कंपनीकडं हेच आकडे, याच्यापेक्षा बारीक आकडे अन् पगारी माणसं बसलेली. फोर फॅक्टर्स वाचून तुम्ही तिच्या पुढं जाल असं जो सांगतो तो तुम्हाला फसवून राह्यला. आपल्याकडं तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत जेल अन् १ कोटीपर्यंत दंड. सट्टा तर महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार कायद्यातच बसतो.

तरी मोबाईलवर टिप विकणारे थांबले नाहीत. आमच्या गावातल्या एका पोट्ट्यानं कापसाचा चुकारा हातात आल्या-आल्या एका टिप ग्रुपला पैसे भरले, नाव घेत नाही, असे ढिगानं आहेत. त्यानं मला मोबाईल दाखवला. टीमचं नाव, पुढं १०० टक्के फिक्स, खाली आगीची चित्रं. पेस नाही, रेटिंग नाही, इंज्युरी नाही, काहीच कारण नाही. त्याला ग्रुपवर भरवसा काहून तर आधी फुकट दिलेल्या तीन टिप बरोबर आल्या. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं: ६४ जणांना मेसेज करायचा, ३२ ला ही टीम सांगायची अन् ३२ ला ती. ज्यांना चुकीची गेली त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्या ३२ मध्ये परत अर्धे-अर्धे, मंग १६, मंग ८. त्या आठ जणांसाठी तीनही टिप बरोबर. टिप देणाऱ्याला बास्केटबॉलचा बॉल गोल असतो एवढं माहीत असलं तरी पुरते. पोट्टा बराच वेळ त्या कागदाकडं पाहत राह्यला, ग्रुपमधून त्याच दिवशी निघाला, पैसे मात्र परत आले नाहीत.

अन् फिक्स या शब्दाची पोट्ट्यांना जी ओढ वाटते त्यावर एकच सांगतो. एनबीएच्या टोरंटो टीमचा खेळाडू जॉन्टे पोर्टर, त्यानं खरंच तसं केलं होतं, आतली माहिती पैसे लावणाऱ्यांना दिली, २० मार्च २०२४ च्या मॅचमध्ये आजारी असल्याचं सांगून तीन मिनिटं खेळून बाहेर बसला. त्याचे आकडे कमी राहतील यावर लावलेली ८० हजार डॉलरची पैज कंपनीनं तिथंच अडवली, एक पैसा दिला नाही, अन् एप्रिलमध्ये एनबीएनं त्याला कायमचं बाहेर काढलं. खरी फिक्स मॅच असली तरी ती तुमच्यापर्यंत पाचशे रुपयात येणार नाही भाऊ.

मंग साइट पाहायची कशाला? खेळ दिसायला लागतो म्हणून. ज्या टीमचा ऑफेन्सिव्ह रिबाउंड जास्त तिचे मोठे खेळाडू शॉट सुटायच्या आधीच कसे आत सरकतात, हे मी आकडा पाहिल्यावर बघायला शिकलो, अन् आता माझ्या पोरींच्या टीमला तेच शिकवतो. आमच्या तालुक्याच्या मॅचचा बॉक्स स्कोर आठवीतली एक पोरगी वहीत लिहिते, टर्नओव्हरचा कॉलम तिनं लाल पेनानं आखलेला आहे, अन् मॅचनंतर त्याच्यावरून भांडणं होतात, मला त्या भांडणांचा फार आनंद वाटते.

अर्धा स्टार कापला तो यासाठी की सगळं इंग्रजीत अन् कॉलमची नावं तीन-चार अक्षरांची, नवीन माणूस घाबरून परत जाते. उपाय आहे, प्रत्येक तक्त्याला ग्लॉसरी (शब्दांच्या अर्थांची यादी) जोडलेली असते, ती एकदा बसून वहीत मराठीत उतरवून घ्या. मोबाईल आडवा धरा, रुंद तक्ता मंग बराचसा मावतो. अन् सीझन ऑक्टोबरमध्ये चालू होते तेव्हा पहिल्या पंधरा-वीस मॅचच्या रेटिंगवर जाऊ नका, तेवढ्यात एखादी टीम नुसत्या सोप्या टीमशी खेळून वर बसलेली असते, डिसेंबरपर्यंत मागच्या सीझनचं पान शेजारी उघडं ठेवून पाहा.