डोव्हरची युद्धकालीन भुयारं: किल्ला केव्हाही बघाल, तारीख फॅन बे बघून ठरवा

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या डोव्हरला जायचं ठरलं की बहुतेक जण किल्ल्याचं तिकीट काढतात आणि बाकीचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातली भुयारं बघायची असतील तर हा क्रम उलटा करा. किल्ल्याबाहेर, कड्याच्या पोटात खोदलेला जवानांचा निवारा म्हणजे फॅन बे डीप शेल्टर. ते हंगामातल्या ठरावीक दिवशी आणि वाटाड्याबरोबरच बघता येतं, म्हणून आधी ते सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याच्या फेऱ्या बघा. किल्ला इंग्लिश हेरिटेजकडे आहे. या दोन वेगळ्या संस्था आहेत, एकीचं सदस्यत्व दुसरीकडे चालत नाही.

किल्ल्याची भुयारं कड्याच्या पोटात, पांढऱ्या चुनखडीत आहेत. मुख्य थर 1797 पासून फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीने, सैनिकांना राहण्यासाठी खोदला गेला. 1940 साली व्हाइस अ‍ॅडमिरल बर्ट्रम रॅमसे यांनी इथे बसून ऑपरेशन डायनॅमो चालवलं आणि 26 मे ते 4 जून या काळात जर्मन वेढ्यात अडकलेले 3,38,226 सैनिक फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून सोडवून आणले. भारतातून गेलेल्या खेचर-तुकड्यांचे जवानही त्यांत होते. खेचरं मात्र मागेच ठेवावी लागली.

किल्ल्याच्या भुयारांतली डायनॅमोची फेरी पाऊण-एक तासाची आहे. भिंतींवर चित्रफिती उमटतात, आवाज घुमतो, गट एका दालनातून दुसऱ्यात सरकत जातो. विषय नवा असेल तर याहून चांगली ओळख मिळणार नाही. पण जाणकाराला भिंत, कमान, वायुवीजन बघायला सवड मिळत नाही. खरा ऐवज शेवटाकडे आहे: तोफखान्याचा नियंत्रण कक्ष आणि दूरध्वनीची यंत्रं असलेली खोली. लोक तिथून भराभर बाहेर पडतात, तुम्ही रेंगाळा. 1941 सालच्या भूमिगत रुग्णालयाची फेरी वेगळी आणि छोटी आहे. अरुंद बोळ आणि मध्येच मिणमिणणारे दिवे यांमुळे लहान मुलं घाबरतात. ‘डम्पी’ नावाचा सर्वांत खालचा थर लोकांसाठी बंद आहे.

भुयारांची रांग दुपारी वाढते. दार उघडताच आत शिरा, थेट भुयारांकडे जा आणि बाराव्या शतकातला मुख्य बुरूज नंतर बघा. कड्यावरची नौदलाची टेहळणी चौकी चुकवू नका. बंदर इथे का आणि त्याची राखण कशी, हे तिथे उभं राहिल्यावर एका नजरेत कळतं.

आता फॅन बे. चर्चिल यांच्या आदेशावरून 1940-41 च्या हिवाळ्यात रॉयल इंजिनिअर्सनी, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या अभियंता दलाने, हे सुमारे शंभर दिवसांत खोदलं. वर सहा इंची तोफांचा मोर्चा, खाली 23 मीटरवर त्या चालवणाऱ्या 185 जवानांचा आणि चार अधिकाऱ्यांचा निवारा. युद्धानंतर ते बंद पडलं आणि 1970 च्या दशकात बुजवलं गेलं. 2012 मध्ये ट्रस्टने ही जमीन घेतल्यावर ते पुन्हा सापडलं. स्वयंसेवकांनी हातांनी राडा उपसून 2015 मध्ये ते खुलं केलं.

इथे पडदे नाहीत, ध्वनिफीत नाही. डोक्यावर हेल्मेट आणि कपाळावर टॉर्च लावून 125 पायऱ्या उतरायच्या. नागमोडी पत्रे आणि लोखंडी कमानींनी तोललेली दालनं आहेत. काही ठिकाणी पत्रा काढून नेलेला आहे. तिथे टॉर्च जवळ धरा: उघड्या चुनखडीत जवानांनी कोरलेली नावं आणि चेहरे दिसतात. सर्वांत मोलाचं हेच आहे.

बाहेर काँक्रीटचे दोन ध्वनी-आरसे आहेत, एक साडेचार मीटर व्यासाचा आणि दुसरा नऊ मीटरचा. पहिला पहिल्या महायुद्धातला, दुसरा 1920 च्या दशकातला. अंतर्वक्र पृष्ठभाग समुद्रावरून येणाऱ्या विमानाचा आवाज एका बिंदूवर गोळा करी आणि तिथला शिपाई नळीतून तो ऐके. विमानं वेगवान झाली तशी इशारा आणि हल्ला यांतली मिनिटं उरली नाहीत. मग रडार आलं.

गोंधळ बहुधा दोन गोष्टींनी होतो. एक, ट्रस्टच्या अभ्यागत केंद्रापासून फॅन बेपर्यंत उंचसखल पायवाटेने पाऊण तास लागतो, गाडी जात नाही आणि शेल्टरपाशी स्वच्छतागृह नाही. ओली चुनखडी फार निसरडी होते, म्हणून खाचदार तळव्याचे बूट हवेतच. दुसरं, कड्यावर मोबाइल फ्रान्सचं नेटवर्क पकडतो, घड्याळ एक तास पुढे उडी मारतं आणि फेरीची वेळ चुकते. आपोआप वेळ बदलणं आणि रोमिंग, दोन्ही आधीच बंद करा. गुडघे दुखत असतील तर या 125 पायऱ्या परत चढायच्याही आहेत, हे लक्षात ठेवा.

दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात कोंबू नका. मुक्काम असेल तर वेस्टर्न हाइट्स या टेकडीवर ड्रॉप रिडाउट या जुन्या गढीचा खंदक बाहेरून फुकट बघता येतो, आतला भाग मात्र मोजक्याच दिवशी उघडतात. लंडनच्या सेंट पँक्रसहून वेगवान गाडी तासाभरात पोचवते. डोव्हर प्रायरी स्थानकातून किल्ल्यापर्यंत चढ आहे, सामान असेल तर टॅक्सी घ्या.