सात अनोळखी लोक आणि रोजची एक टिक: ग्रुपमधून सवय लावणाऱ्या अॅपचे माझे बारा आठवडे

अॅपचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तसंही या टाइपची सगळी अॅप्स थोड्याफार फरकाने सारखीच चालतात. सिस्टीम सोपी आहे, तुम्ही एक सवय निवडायची, अॅप तुम्हाला सात अनोळखी लोकांबरोबर एका ग्रुपमध्ये टाकतं, रात्री बारापर्यंत केलं असेल तर टिक मारायची, सगळ्यांना सगळ्यांच्या टिका दिसतात, आणि आठवड्यातून एकदा एक कोच येऊन दोन ओळी लिहून गायब होतो. मी व्यायाम निवडला, कारण एकटीने सुरू करून नवव्या दिवशी सोडायचा माझा पक्का रेकॉर्ड आहे.

पहिले दोन आठवडे तर मस्तच. सकाळी फोन उघडला की चार टिका आधीच पडलेल्या दिसायच्या, मग आपोआप शूज घातले जायचे. कुणी काही बोलायचं नाही, कुणी ओळखीचंही नाही, तरी लाज वाटायची. आयुष्यभर अलार्मने जे जमलं नाही ते चार अनोळखी टिकांनी करून दाखवलं, इथे अॅपला पूर्ण मार्क.

मग आला तिसऱ्या आठवड्याचा रिपोर्ट. त्यात लिहिलेलं, तुमच्या ग्रुपची सरासरी 4 दिवस, तुमचे 6 दिवस. बास. पुढच्या आठवड्यात माझे बरोब्बर 4 दिवस झाले. मी काही ठरवून नाही केलं, पण गुरुवारी डोक्यात आलंच की अरे आपण तर उगाच जास्त करतोय, बाकीचे चारच करतायत आणि मजेत आहेत. नंतर वाचलं तर हा प्रकार चांगला माहितीतला निघाला. 2007 साली छापलेला एक अभ्यास आहे, कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस इथल्या जवळपास 290 घरांना शेजारपाजारची सरासरी वीज किती जाते ते कळवलं, तर जास्त वापरणारे खाली आले पण कमी वापरणारे चक्क वर चढले. सरासरी लोहचुंबकासारखी असते, दोन्ही बाजूंनी ओढते. गंमत म्हणजे उपायही त्याच अभ्यासात आहे, कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर नुसता एक हसरा चेहरा काढला तर ते वर चढायचे थांबले! एक स्मायली! मी हे सपोर्टला लिहून पाठवलं, "तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे" असं उत्तर दोन सेकंदात आलं, म्हणजे कुणी वाचलं नसणार हे उघडच आहे.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. पाचव्या आठवड्यात ग्रुपमधल्या एकाच्या टिका रोज रात्री 11:58 ला पडायला लागल्या, सातच्या सात दिवस. सगळ्यांना कळत होतं काय चाललंय, कुणी काही बोललं नाही. मग एक दिवस मी नुसते दोन जिने चढले होते आणि टिक मारली. सगळ्यांच्या टिका आल्या की स्क्रीनवर रंगीत कागद उडतात आणि "आज ग्रुप 100%" असा बॅनर येतो, तर तो बॅनर आपल्यामुळे मोडायला नको, एवढंच. आठवडाभर रोज 100% येत होतं आणि माझी खात्री आहे की त्यातले अर्धे लोक पलंगावरून टिका मारत होते. अॅपच्या हिशोबात मात्र हा आमचा सगळ्यात भारी आठवडा!

हे मोडलं कसं ते ऐका. एका मेंबरने सरळ लिहिलं, "आज नाही केलं. कंटाळा आला." बास, पाच शब्दांत काय ते. दुसऱ्या दिवशी तीन जणांचे रकाने रिकामे, त्यात माझा पण, आणि कुणाला काही झालं नाही.

1950च्या दशकात सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने रेषांचा प्रयोग केला होता तो बऱ्याच जणांना माहीत असेल, तीन रेषांपैकी कुठली समोरच्या रेषेइतकी आहे एवढंच सांगायचं, पण खोलीतले बाकी सगळे आतून फितलेले आणि 18 पैकी 12 वेळा मुद्दाम चुकीचं बोलणारे. एकटं असताना अशी चूक शंभरात एखादीच व्हायची, ग्रुपमध्ये मात्र त्या 12 फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकीची आली, आणि चारपैकी तिघे जण एकदा तरी वाकले. हे सगळीकडे सांगतात. जे सांगत नाहीत ते असं की बहुतेक उत्तरं तरीही बरोबरच होती, एक चतुर्थांश लोक एकदाही वाकले नाहीत, आणि फितलेल्यांपैकी एकाला जरी खरं बोलायला लावलं तरी चूक करायचं प्रमाण एकदम खाली यायचं. फक्त एक माणूस. आमच्या ग्रुपमध्ये तो कंटाळा आलेला मेंबर म्हणजे तो माणूस. खरं तर अॅपवाल्यांनी प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक पाळायला हवा, त्याऐवजी ते रंगीत कागद उडवतात.

यापेक्षा जास्त खटकलं ते आठव्या आठवड्यात. एक ताई होत्या, रोज पहिली टिक त्यांची. अचानक बंद. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. आम्ही सगळे बघत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की कुणीतरी मेसेज केला असेल. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचा 1968चा प्रयोग अगदी असाच, माणसं वेगवेगळ्या खोल्यांत इंटरकॉमवर बोलतायत, त्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज येतो (खोटा असतो). ऐकणारा आपण एकटाच आहोत असं वाटलं तर बोलणं तुटायच्या आत 85% लोक मदतीला उठले, आणि अजून चार जण ऐकतायत असं वाटलं तर 31%. वेगवेगळ्या खोल्या, एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, अॅप म्हणजे तेच की! सातव्या दिवशी मी लिहिलं, "ताई, सगळं बरं आहे ना?" तर फोन बिघडला होता, बाकी काही नाही. पण पाच जणांनी लगेच लिहिलं की मी पण विचारणारच होतो. अॅपने अशा वेळी कुणा एकाला नेमून नोटिफिकेशन पाठवावं, "तुम्ही विचारा" असं, सगळ्यांना एकदम पाठवलं की ते कुणालाच नसतं.

कॅमेरा चालू ठेवून सोबत करायचं सेशन पण आहे. व्यायामाला छान, तिथे काही शिकायचं नसतं नुसतं रेटायचं असतं. पण मी त्यात गिटारचा नवीन धडा घेऊन बसले आणि बोटं जी अडकली की विचारू नका. बघणारे असले की येणारं काम सुधारतं आणि न येणारं बिघडतं, झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्येच हे मांडून ठेवलंय. म्हणून नवीन काही शिकत असाल तर कॅमेरा बंद, पाठ झालं की चालू.

दोन ग्रुपची स्पर्धा लावतात ते मला लाजिरवाणं वाटलं, अॅपला नाही, स्वतःला. दोघांनी मिळून केलं तर दोघांना 100 पॉइंट, एकट्याने केलं तर आपल्याला 60 आणि त्यांना शून्य, असं मत टाकायचं होतं. आम्ही बहुमताने 60 घेतले. ते हिरवे आणि आम्ही निळे एवढीच दुश्मनी, रंग पण अॅपनेच दिलेले.

रेटिंग पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार कोचसाठी कापला, एक त्या रिपोर्टसाठी. घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात एक दिवस रकाना रिकामा ठेवा आणि ग्रुपवर तसं लिहा, नंतर ते फार जड जातं. आणि ग्रुप बदलून मिळतो, सेटिंगमध्ये खोल कुठेतरी ऑप्शन लपवलाय, दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे गप्पच असतील तर बदला.

परवा प्लॅन संपला म्हणून बंद करायला गेले तर स्क्रीन आली, "तुमचे 7 साथीदार अजून इथेच आहेत." त्यातल्या तिघांनी महिनाभर अॅप उघडलेलं नाही हे मला माहीत आहे. तरी बोट दोन मिनिटं तिथेच थांबलं होतं.