बोर्ड जळालाच नव्हता

कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलल्याचे पैसे मी मोजून दिले. त्याचं बिल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बोर्ड मात्र तोच आहे, मशीन घेतलं तेव्हाचा, आणि ठणठणीत चालतोय.

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. मशीन असेंबल केलेलं, टॉवर कॅबिनेट, ज्याला घरात सगळे सरसकट 'सीपीयू' म्हणतात. नवीन टेबल आणलं, त्यात टॉवरसाठी दाराचा खास कप्पा होता. वायरी दिसत नाहीत, पंख्याची घरघर ऐकू येत नाही, मी खूश. आठवडाभरात रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाईल बनवायचं काम) लावला की वीस-पंचवीस मिनिटांत मशीन खटकन बंद पडायला लागलं. निळा स्क्रीन नाही, कसला मेसेज नाही. दहा मिनिटं थांबून बटण दाबलं की जणू काही झालंच नव्हतं.

दुरुस्तीवाला घरी आला. त्याने स्वतःच्या हाताने टॉवर कप्प्यातून ओढून काढला, पत्र्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "ताई, बोर्ड गेलाय. हात लावून बघा, भट्टी झालीय." हात लावला तर भट्टी खरंच झाली होती. मग पुढचं खोटं कशाला वाटेल? झाकण उघडलं नाही, तापमान मोजलं नाही, मशीन घेऊन गेला.

चार दिवसांनी आणून दिलं. बिलावर मदरबोर्ड, प्रोसेसर गार ठेवणारा 'हेवी ड्यूटी' कूलर, दोन जादा पंखे, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची इम्पोर्टेड पेस्ट आणि मजुरी. जुना बोर्ड मागितला तर "तो कंपनीत जमा करावा लागतो." टॉवर खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवून त्याने तासभर गाणी वाजवून दाखवली. रेंडर लावून बघा, हे मला सुचलं नाही आणि त्याने सुचवलं नाही. पंख्यांत रंगीत दिवे लागले होते, तेही खरं सांगायचं तर आवडले होते. तो गेल्यावर मी टॉवर कप्प्यात सरकवला आणि दार लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा अंधार. फोन केला तर म्हणाला, "मग प्रोसेसर गेला असेल. बोर्डाबरोबर त्याच्यावरपण लोड आला ना."

प्रोसेसरचेही पैसे दिले असते. नेमका भाचा आला होता. त्याने आधी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि रेंडर लावला. पाच मिनिटांत प्रोसेसर १०० अंशांवर, आणि त्याचा वेग आपोआप खाली. "मावशी, हा मेलेला नाही, जीव वाचवतोय," तो म्हणाला. तापमान मर्यादेला टेकलं की प्रोसेसर आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. माझ्याकडे हेच दोन महिने चाललं होतं.

मग त्याने मदरबोर्डचा मूळ खोका शोधायला लावला. वॉरंटीपायी मी खोके टाकत नाही (घरात यावरून बोलणी खाते). खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि बोर्डावरच्या स्टिकरचा नंबर एकच निघाला. एक-एक आकडा बोट ठेवून दोनदा वाचला.

कूलरची गोष्ट तर आणखी वाईट. माझ्या जुन्या कूलरच्या बुडाला मध्यभागी तांब्याचा गोल होता. आता तिथे निव्वळ ॲल्युमिनियम, उंचीलाही कमी. म्हणजे बरा कूलर काढून घेऊन त्याहून हलका बसवला, आणि त्याचेही पैसे लावले. कूलर बोर्डाला धरून ठेवणाऱ्या चार खुंट्यांपैकी एक नीट रुतलेलीच नव्हती, त्यामुळे एक कोपरा प्रोसेसरवरून उचललेला. जुनी वाळून खडू झालेली पेस्ट न पुसता वरून नवी थापलेली. ती आयसोप्रोपाईल अल्कोहोलने पुसून काढायची आणि मग वाटाण्याएवढी नवी ठेवायची असते.

पंख्यांचं तर हसूच आलं. भाच्याने टिश्यूची पट्टी पुढच्या जाळीसमोर धरली. खालच्या पंख्यापाशी ती जाळीला चिकटली, वरच्यापाशी बाहेर फडफडली. पुढचे दोन्ही पंखे हवा आत ओढायला असतात, मागचा आणि वरचा बाहेर टाकायला. इथे एक उलटा बसवला होता. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. एवढं ठाऊक असलेला कोणीही तो उलटा बसवणार नाही, बिल बनवणाऱ्याने बसवला.

आणि मूळ दुखणं होतं तो कप्पा, माझा लाडका. मागून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून कप्प्यातच कोंडायची आणि पुढून तीच परत आत ओढली जायची. कप्प्यातली हवा जितकी तापेल साधारण तितकाच प्रोसेसरही जास्त तापतो, पंखे कितीही लावा. आता टॉवर टेबलाबाहेर आहे, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून. सतरंजीवर होता तो लाकडी फळीवर घेतला, कारण एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा खालून हवा ओढतो आणि सतरंजी त्याचं तोंड दाबते. झाकण लावलेलंच ठेवते. दुरुस्तीवाला फोनवर "झाकण काढून ठेवा, गार राहील" म्हणाला होता, पण मग पुढून मागे जाणारा झोत मोडतो आणि धूळ थेट आत बसते. कूलर नीट बसवून, पंखा फिरवून तोच रेंडर लावला, तर तापमान ७४ च्या वर गेलं नाही. एकही नवा पार्ट न टाकता.

टॉवर कप्प्यातून त्यानेच ओढून काढला होता. कारण समोर दिसत असताना बोर्डाचं नाव घेतलं, याला मी अज्ञान म्हणणार नाही.

बिल, खोका आणि दोन्ही नंबरांचे फोटो घेऊन त्याच्याकडे गेले. आधी म्हणाला, एका लॉटचे नंबर सारखेच असतात. सिरीयल नंबर सारखे नसतात, तेवढ्यासाठीच तर ते छापतात, असं भाचा बोलल्यावर गिऱ्हाइकांसमोर आवाज खाली आला. बोर्डाचे पैसे दोन हप्त्यांत परत मिळाले. पंख्यांचे आणि मजुरीचे सोडून दिले. तांब्याच्या बुडाचा कूलर मात्र "शोधतो, ताई" म्हणाला होता, तो अजून शोधतोच आहे.