एकच ध्वनिफाइल, दोन मुले आणि ६१ हजार रुपये

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पाचव्या वर्षी त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून आमच्या घरातील सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आवाज. कुकरची शिट्टी, मिक्सर, गणपतीतले ढोल-ताशे, शेजारच्या फ्लॅटमधले ड्रिल मशीन, यांपैकी काहीही सुरू झाले की तो दोन्ही कान दाबून पलंगाखाली शिरतो आणि पुढचा पाऊण तास त्याचे अंग ताठलेले असते. अशा मुलाच्या आईला कोणी सांगितले की विशिष्ट पद्धतीने तयार केलेले संगीत ऐकवून ही भीती घालवता येते, तर ती ते ऐकून घेते. मीही ऐकून घेतले.

आमच्या शहरातल्या एका केंद्राची माहिती मला मुलाच्या शाळेबाहेर मिळाली. केंद्रचालक बाई अतिशय मृदू बोलत. त्यांनी मला मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचे चित्र दाखवले, अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या पॉलिव्हेगल सिद्धांताचे नाव सांगितले आणि मधल्या कानातील सूक्ष्म स्नायूंना माणसाच्या आवाजाच्या पट्टीतील संगीताने व्यायाम दिला की मज्जासंस्थेला ‘आपण सुरक्षित आहोत’ असा संदेश जातो, असे समजावले. हा सिद्धांत खरोखर अस्तित्वात आहे. त्यावर शरीरशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतलेले आहेत, हे मात्र मला नंतर वाचल्यावर कळले. या सिद्धांतावर आधारलेला गाळलेल्या संगीताचा, म्हणजे काही पट्ट्यांतील आवाज कमी केलेल्या किंवा काढून टाकलेल्या संगीताचा, एक कार्यक्रमही आहे, जो मुळात पाच तासांचा असून प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींमार्फतच दिला जातो. या केंद्राचा त्या कार्यक्रमाशी कसलाही संबंध नव्हता. त्यांनी फक्त त्याची भाषा उचलली होती आणि पाच तासांच्या जागी चाळीस तासांचे पॅकेज बनवले होते.

पहिल्या दिवशी ‘श्रवणचाचणी’ झाली, तिचे २,५०० रुपये घेतले. पंखा सुरू असलेल्या खोलीत, मोबाइलमधल्या एका ॲपवर, दहा मिनिटांत ती आटोपली. त्यापूर्वी मुलाची खरी चाचणी मी पाहिलेली होती: आवाज बाहेरून आत न येणारी खोली, प्रत्येक कानाचा वेगळा आलेख आणि खाली ऑडिओलॉजिस्टची (श्रवणतज्ज्ञाची) सही व नोंदणी क्रमांक. तो फरक त्याच दिवशी माझ्या डोळ्यांना दिसत होता, तरी मी तो मनाआड केला. पुढे हेडफोनचे १८,००० आणि पॅकेजचे २४,५०० रुपये भरले. चाचणीच्या निकालानुसार ‘फक्त तुमच्या मुलासाठी’ संगीत तयार होईल आणि ते रोज अर्धा तास ऐकवायचे, असे ठरले. त्याच वेळी त्यांनी सुचवले की दोन उपचारांचा गोंधळ होऊ नये म्हणून सध्या त्याची ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कृती व संवेदना हाताळायला शिकवणारा उपचार) थांबवावी. मी ती थांबवली. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक हीच.

दुसऱ्या आठवड्यात मुलगा रात्री दचकून उठू लागला आणि दोन वर्षांपूर्वी सुटलेली अंथरूण ओले होण्याची सवय परत आली. मी घाबरून फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले, “ताई, हे चांगलं लक्षण आहे. आत साठलेला ताण आता बाहेर पडतोय. मध्येच थांबवलंत तर मात्र नुकसान होईल.” चौथ्या आठवड्यात दोन दिवस तो शांत झोपला, तर ते संगीताचे यश ठरले, पाचव्यात शाळेतून तक्रार आली, तर ‘मज्जासंस्थेची पुनर्रचना’ सुरू असल्याचे कळले. मूल सुधारले तरी उपचार बरोबर आणि बिघडले तरी उपचार बरोबर, अशी ही मांडणी होती, आणि तिच्यात ‘हे लागू पडत नाही’ असे म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. आजही मला सर्वाधिक राग येतो तो पैशांचा नाही, या एका गोष्टीचा येतो. ‘दुसरा टप्पा केल्याशिवाय पहिला टिकत नाही’ असे सांगून त्यांनी आणखी १६,००० रुपये घेतले, तेही मी दिले.

केंद्रातल्या बाकावर माझी एका दुसऱ्या आईशी ओळख झाली. तिच्या मुलीला आवाजाचा त्रास अजिबात नव्हता. मुलगी चार वर्षांची होऊनही बोलत नव्हती, म्हणून ती तिथे आली होती. बोलता बोलता आम्ही दोघींनी मोबाइलवरच्या फाइली पाहिल्या. नावे वेगळी होती, पण प्रत्येक फाइलचा कालावधी सेकंदापर्यंत सारखा होता. माझा धाकटा भाऊ ध्वनिमुद्रणाचे काम करतो. त्याने दोन्ही मुलांच्या एकाच दिवसाच्या फाइली संगणकावर एकाखाली एक ठेवल्या, त्यांतील एकीची ध्वनिलहर उलटी केली आणि दोन्ही एकत्र वाजवल्या. अशा वेळी सारखा असलेला आवाज एकमेकांना पुसून टाकतो; दोन फाइलींत कणभर जरी फरक असता, तरी तो फरक ऐकू आला असता. स्पीकरमधून काहीही आले नाही. दोन पूर्णपणे वेगळ्या अडचणी असलेल्या मुलांना ‘वैयक्तिक’ म्हणून एकच फाइल विकलेली होती, आणि भावाच्या म्हणण्याप्रमाणे ती तयार करायला खर्जाचा भाग कापण्यापलीकडे काहीच केलेले नव्हते. तो हेडफोनही बाजारात ३,२०० रुपयांना मिळत होता.

पैसे परत मागितल्यावर माझ्यासमोर मी सही केलेला इंग्रजी फॉर्म ठेवण्यात आला. त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते की ही वैद्यकीय सेवा नसून ‘वेलनेस’ सेवा आहे. खोलीत चार महिने ‘उपचार’ हाच शब्द वापरला गेला होता. पावत्यांवरही केवळ ‘हेडफोन व साहित्य’ एवढेच होते.

मग मी शोधायला लागले, जे आधी करायला हवे होते. फ्रान्समधील डॉक्टर आल्फ्रेड टोमाटिस आणि त्यांच्यानंतर गी बेरार यांच्यापासून गाळलेले संगीत ऐकवण्याच्या पद्धती चालत आल्या आहेत. बेरार यांच्या पद्धतीत दहा दिवस, दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास ऐकवले जाते. या पद्धतींवरील चाचण्यांचा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०११ साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा स्वमग्नतेवरील उपचार म्हणून त्या परिणामकारक असल्याचा पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर १९९८ मध्येच बेरार यांच्या पद्धतीबाबत सावध केले होते. संगीताने मन निवते, याबद्दल मला शंका नाही. माझा मुलगा आजही तानपुऱ्याच्या मंद आवाजावर झोपतो आणि त्यासाठी मला एक रुपयाही मोजावा लागत नाही. पण मन निवणे वेगळे आणि मज्जासंस्था बदलून देण्याची हमी विकणे वेगळे.

भारतात ऑडिओलॉजिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, १९९२च्या कायद्याखाली, नोंदणी असावी लागते आणि नोंदणी क्रमांक पडताळून पाहता येतो. मी तो विचारला असता, तर त्या केंद्राकडे तो नाही हे पहिल्याच दिवशी समजले असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाने वाचा व श्रवण दिव्यांगांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. पाल्याच्या श्रवणाबद्दल खरोखर शंका असेल, तर अशा ठिकाणी जावे. आणि कोणत्याही नव्या उपचारापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा: किती आठवड्यांनी, कोणता बदल दिसला नाही, तर आपण हा उपचार निष्फळ मानून थांबवायचा? उत्तरात टाळाटाळ झाली, तर पैसे देऊ नयेत. आधीपासून चालू असलेली थेरपी बंद करा असे कोणी म्हणाले, तर आधी आपल्या बालविकासतज्ज्ञांशी बोलावे.

ऑक्युपेशनल थेरपी पुन्हा सुरू होऊन आता तीन महिने झाले. मिक्सर लावण्याआधी आम्ही त्याला सांगतो, बटण त्यालाच दाबू देतो आणि तो पूर्वीसारखा पलंगाखाली न जाता दारात उभा राहतो. हे जिथे थांबले होते तिथे परत यायलाच आम्हाला सात-आठ आठवडे लागले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केल्यानंतर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्या दुसऱ्या आईचे प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही मुलांच्या फाइली मी तक्रारीला जोडल्या आहेत. ज्यांनी अशाच ‘वैयक्तिक’ संगीतासाठी पैसे मोजले आहेत, त्यांनी कंटाळून किंवा संतापून त्या फाइली मोबाइलमधून पुसू नयेत, यूपीआयच्या नोंदी आणि केंद्राशी झालेले संदेश जपून ठेवावेत, आणि शक्य असेल तर तिथेच येणाऱ्या दुसऱ्या पालकांकडे त्यांची फाइल मागून आपल्या फाइलशी ताडून पाहावी.