बाजारभावाचं ॲप, 499 रुपये आणि आमच्या अकरा पट्ट्या

ॲपचं नाव लिहीत नाही. कंपनीशी माझं भांडण नाही. कांदा विकणाऱ्या घरात ते घ्यावं का, एवढंच सांगायचंय. वर्षाची वर्गणी 499 रुपये. मी गेल्या हंगामाच्या सुरुवातीला भरली, आबांना (माझ्या सासऱ्यांना) न विचारता.

जूनमध्ये एका रात्री ॲप बोललं (मराठीत बोलतं, आणि आवाज खरंच चांगला आहे) की आज आपल्या बाजार समितीत कांद्याचा सरासरी भाव क्विंटलला 1650 रुपये. आबांनी लगेच माणसं सांगितली, पहाटे कांदाचाळीतून ट्रॉली भरली. लिलावात आमचा कांदा गेला 1310 ने. एका रात्रीत बाजार इतका पडला म्हणावं, तर कुणीच तसं म्हणत नव्हतं. समितीच्या फळ्यावर आदल्या दिवसाचे आकडे अजून तसेच होते: किमान 500, कमाल 2800, सर्वसाधारण 1350.

घरी येताना ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या हिशोब केला. 500 अधिक 2800, भागिले दोन. बरोबर 1650. ॲपवाले सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा भाव घेऊन मधोमध काप मारतात आणि त्याला सरासरी म्हणतात!

आता हे 500 कुणाचे असतात? खाद म्हणजे खराब कांदा, चिंगळी म्हणजे अगदी बारीक कांदा, पावसात भिजलेला माल. आणि 2800? एखाद्याने निवडून, एकसारखा करून आणलेली पिकअप. दिवसाला शेकड्याने वाहनं लागतात आणि ॲपची सरासरी त्यातल्या दोनच वाहनांवर ठरते. बाकीचे सगळे शेतकरी त्या आकड्यात नाहीतच. उद्या कुणी सडका कांदा घेऊन आलाच नाही, तर बाजार जागचा न हलता ॲपमध्ये भाव वाढलेला दिसेल.

फळ्यावरचा ‘सर्वसाधारण’ हा वेगळा प्रकार आहे. ज्या भावाच्या आसपास जास्तीत जास्त माल विकला गेला, तो भाव. दहावीच्या गणितात मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवतात, त्यातला हा बहुलक. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण हे तिन्ही दर असतात. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवरही तेच तीन. म्हणजे कामाचा आकडा फुकटात तयार आहे. ॲपने तो गाळला आणि दोन टोकांवरून आपला स्वतःचा काढला. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सर्वसाधारण भावही डोळे झाकून धरू नये. मार्च-एप्रिलमध्ये लाल कांदा संपत आलेला असतो आणि उन्हाळ, म्हणजे उन्हाळी कांदा, यायला लागतो. दोन माल, दोन भाव. दोन्ही एकत्र केले की जो एक आकडा निघतो, तो ना लालचा ना उन्हाळचा. पणन मंडळाच्या तक्त्यात जात वेगळी दाखवतात. ॲपमध्ये नुसतं ‘कांदा’.

मला जास्त राग आला तो ‘माझा हिशोब’ नावाच्या भागाचा. आपण आपल्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, भरायच्या, ते गोषवारा काढून देतं. आमच्या हंगामाच्या अकरा पट्ट्या: 1105, 1180, 1240, 1255, 1290, 1310, 1325, 1360, 1400, 1452 आणि 2151. शेवटची ती आमची हौस. ह्यांनी आणि मी दोन दिवस बसून कांदा निवडला आणि 12 क्विंटलची पिकअप भरली. बाकीच्या दहा ट्रॉल्या, प्रत्येकी 22 क्विंटलच्या आसपास. ॲपने सांगितलं, तुमची सरासरी 1370.

वहीत मी क्विंटल धरून काढली तर आली 1336. कारण उघड आहे. 2151 हा भाव फक्त 12 क्विंटलला मिळाला, आणि ॲपने त्याला भरल्या ट्रॉलीएवढाच मान दिला. वजन लिहायला रकाना आहे, आम्ही ते भरतोही, पण हिशोबात ते धरतच नाहीत. 34 रुपयांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. 232 क्विंटलवर तो साडेसात हजारांच्या पुढे जातो. सोसायटीचं कर्ज फेडायचा अंदाज ॲपवरून बांधला असता तर तेवढे पैसे कुणाकडे मागायचे?

आबांना हे समजावताना मी पट्ट्या ओटीवर चढत्या क्रमाने मांडल्या आणि म्हटलं, “आबा, बरोबर मधली उचला.” त्यांनी सहावी उचलली, 1310. म्हटलं, आपल्या निम्म्या गाड्या ह्याच्या खाली गेल्या, निम्म्या वर. हा मध्यक. ती हौसेची पिकअप 2151 ऐवजी 5000 ने गेली असती तरी ही मधली पट्टी जागची हलली नसती. आबा पट्टी बघत म्हणाले, “सूनबाई, मधलीचं काय करू? मला वरचीसारख्या दहा आण.” त्यांचंही खरं. पण पुढच्या ट्रॉलीला अंदाजे काय येईल हे विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःच तेराशे म्हटलं. 1370 नाही आणि 1650 तर नाहीच.

आलेखाबद्दल थोडक्यात. उभी रेघ शून्याऐवजी 1200 पासून सुरू होते, त्यामुळे 60 रुपये उतरले तरी कडा कोसळल्यासारखा दिसतो, तोही लाल रंगात. वयस्कर माणसाने बघितलं की त्याचा जीव वरखाली. ह्यापेक्षा वाईट म्हणजे बाजार बंद असेल त्या दिवशी भाव शून्य धरतात. तीस दिवसांत पाच दिवस लिलाव नव्हते. उरलेल्या 25 दिवसांची सरासरी 1320 होती, आणि ॲप म्हणालं 1100. पाच शून्यांनी 220 रुपये खाल्ले. भाव नव्हता आणि भाव शून्य होता, ह्यात फरक आहे ना? फुकट कांदा कुणीच दिला नव्हता. मदत क्रमांकावर फोन केला. मुलगा नम्र होता. म्हणाला, “ताई, ते सिस्टिम काढते.” मी म्हटलं, सिस्टिमला सांगा रविवार असतो.

चांगलं काय ते सांगायलाच हवं. आवक वेळेवर दाखवतं, आणि ती मला भावाइतकीच लागते. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत एकाच पडद्यावर येतात. जुने आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. ह्या एका सोयीसाठी मी ॲप ठेवलंय. उतरवते, शून्याचे दिवस पुसते, भाव क्रमाने लावते आणि पाच आकडे वहीत लिहिते: सगळ्यात खालचा, खालून पाव हिश्शावरचा, मधला, वरून पाव हिश्शावरचा, सगळ्यात वरचा. पावापासून पाऊणपर्यंतचं अंतर कमी असेल तर बाजार ठरलेला आहे, आज गेलो काय आणि परवा गेलो काय. अंतर वाढलं की मालाची प्रत बघून पैसे मिळतायत असं धरते आणि निवडणीला माणसं लावते. हे काम ॲपने करायला हवं होतं. त्यात ‘चढउतार निर्देशांक’ म्हणून एक आकडा येतो, 7.4 वगैरे. कशाचा, कशावरून, खाली एक ओळही नाही.

पाचापैकी दोन तारे, त्यातला एक आवाजाला. वर्गणी मार्चमध्ये संपतेय. तोवर त्यांनी शून्य काढलं आणि वजन धरलं तर आणखी 499 भरीन. नाहीतर आबांचे एक मित्र रोज संध्याकाळी समितीच्या फळ्याचा फोटो पाठवतात. जरा तिरका असतो, पण आकडे वाचता येतात.