वांद्रे मोत मावली (माउंट मेरी चर्च), बाहेरचे मेणाचे स्टॉल : 5 पैकी साडेतीन

मावशीचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा, तिला एवढ्या लांब नेणं काही जमणार नव्हतं म्हणून गेल्या बुधवारी सुट्टी टाकून वसईहून लोकल पकडली नि मीच गेलो. फादर घरी येऊन आजाऱ्यांसाठीचं पवित्र तेल लावून गेलेत, तो संस्कार त्यांचाच, आपण प्रापंचिकांनी देण्यातला नाही (शेजारची एक बाई कुठल्यातरी प्रार्थनेतून तेलाची बाटली घेऊन आली होती, मावशीने तिला चहा पाजून बाटलीसकट परत पाठवली). मग आपल्या हातात राहिलं काय, तर जपमाळ आणि मावलीला मेण, म्हणजे जे दुखतंय त्याचा मेणाचा आकार.

स्टॉलवर हात, पाय, डोळे, हृदय, बाळ, अगदी घरसुद्धा मिळतं, सगळं मेणाचं. मी किडनी मागितली. बाई म्हणे, "किडनी संपली दादा, पोट घ्या ना, त्यातच आली ती." हसू आलं पण बाईचं चुकत काय होतं म्हणा. शेवटी मेणाची अख्खी बाईची मूर्ती घेतली, नाहीतरी मावशीचे गुडघेही दुखतातच. नाकडोळे सपाट, कडा ओबडधोबड, पण हातात चांगली जड लागते.

मार्क कापले ते दरासाठी. किंमत कुठेच लिहिलेली नाही, आधी 150 सांगितले, मी शेजारच्या स्टॉलकडे वळलो तर लगेच 100. वर मेणबत्त्या नि हार हातात कोंबतात, एक पोरगा तर म्हणाला हार नाही घेतला तर नवस पावत नाही. असलं काही चर्च सांगत नाही, सरळ नाही म्हणा.

सप्टेंबरच्या जत्रेत, म्हणजे 8 तारखेच्या सणाच्या आठवड्यात, आजाऱ्यासाठी जाऊच नका, धड उभं राहायला मिळत नाही. आडवारी बरं. 1904 ची दगडी इमारत, आत छान गार. माझ्या पुढे एक नऊवारीतल्या आजी मेणाचा छोटा पाय छातीशी धरून उभ्या होत्या, नातवाचा असणार. मी मूर्ती ठेवली, मावशीचं नाव घेतलं, अख्खी जपमाळ म्हणायची होती पण अर्धीच झाली, उरलेली परतीच्या गाडीत विरारवाल्यांच्या कोपरात दाबून म्हटली.

घरी आल्यावर मावशीचा पहिला प्रश्न, "कितीला दिलीन?" शंभर म्हटलं तर म्हणे, "ऐंशीला दिली असती."