इंद्रजाल कॉमिक्सच्या जुन्या अंकांत मला ३४,९०० रुपयांना गंडवलं. पुण्यातल्या संग्राहकांनो, सावध राहा!

आकडा आधीच सांगतो: ३४,९०० रुपये. त्यातले २२,४०० वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, सात मराठी अंकांचे, प्रत्येकी ३,२०० भावाने, आणि वर १२,५०० इसार. कर्वे रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये कॉमिक्सवाल्यांचा मेळावा भरला होता, तिथली ही गोष्ट. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. त्याची पद्धत मात्र सगळी लिहितो. हा माणूस पुढच्या मेळाव्यात पुन्हा टेबल मांडून बसणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

मी या नादात नवखा नाही. जुना बाजार, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं, रद्दीवाले, सगळं पालथं घातलंय. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं, आणि पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे. ते मराठीत आणि धड अवस्थेत मिळणं किती कठीण, हे ज्याने शोधलेत त्यालाच ठाऊक. घरोघरी पोरांनी वाचून वाचून त्यांच्या चिंध्या केल्या, उरलेले दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले. तसे सात अंक एका टेबलावर ओळीने मांडलेले दिसल्यावर कुठला संग्राहक पुढे निघून जाईल? मला सांगाच.

त्याने आधी इंद्रजालचाच, ऐंशीच्या दशकातला, बहादूर या देशी नायकाचा एक अंक माझ्या हातात दिला. तो अस्सल होता, आजही म्हणतो. पानं उलटून बघितली, वास घेतला, पिनांचा गंज बघितला. त्या एका अंकावर त्याने माझा विश्वास कमावला. वेताळाचे सात मात्र पारदर्शक पिशव्यांत, मागे पांढरा पुठ्ठा, वरून चिकटपट्टी. मी उघडायला मागितले तर म्हणाला, "सर, हवा लागली की कागद तुटतो. ग्रेड गेली तर मी काय करू? तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला काय सांगायचं!" मागे रांग लागलेली, माइकवर घोषणा चाललेल्या, हॉलमध्ये पिवळे दिवे. त्या उजेडात कागदाचा खरा रंग कुणालाही कळला नसता. तीन हजारांची वस्तू उघडून बघू देत नाही, तो विकत नाहीये, लुबाडतोय. टेबल सोडा.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही.

त्याने एक हाताने लिहिलेली यादी पुढे केली. "घरी अजून माल आहे सर. क्रमांक १२० ते १३०, सलग, अकराच्या अकरा मराठी. सगळ्यांचे पंचवीस हजार, निम्मे आत्ता द्या, निम्मे माल हातात पडल्यावर." निळ्या शाईत, एकाखाली एक आकडे. १२०, १२१, १२२, १२३, १२४, १२५... इंद्रजाल गोळा करणाऱ्याला इथेच कळायला हवं. १२३ आणि १२४ क्रमांकाचे अंक संपामुळे निघालेच नव्हते! जे छापलंच गेलं नाही, ते याच्या घरी कुठून आलं? ती यादी माझ्या हातात होती. माझं बोट त्या आकड्यांवरून खाली सरकलं होतं. आणि नेमका त्याच वेळी मागचा एक तरुण म्हणाला, "काका घेत नसतील तर मी घेतो." आज मला पक्कं वाटतं की तो त्याचाच माणूस होता. कोड स्कॅन केला, १२,५०० गेले. फलकावर दुकानाचं एक नाव आणि मोबाइलवर भलत्याच बाईचं नाव आलं, तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे." पावती मागितली तर, "मेसेज आला ना सर, तीच पावती." नाव जुळत नसेल तर पैसे पाठवायचेच नाहीत, मग मिसेस असो की मेहुणा.

घरी आल्यावर पिशव्या फोडल्या. जुना न्यूजप्रिंट कडेकडून आत पिवळा पडत जातो, मध्यभागी जरा उजळ राहतो. इथे पानं कडेला आणि मध्ये सारखीच तपकिरी, सरसकट रंगवल्यासारखी. पिना गंजलेल्या, पण त्यांच्याभोवती कागदावर गंजाचा डागच नाही, म्हणजे जुन्या पिना काढून नव्या कागदाला लावलेल्या. भिंग लावलं. अस्सल छपाईत अक्षरांचा काळा रंग सलग भरीव असतो. यात संवादाच्या फुग्यांतली काळी अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची, म्हणजे स्कॅन करून छापलेली. दोन अंकांवर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. दोन्हीकडे त्याच जागी, तसाच तिरका, आणि दोन्हीकडे 'वाचनालय'मधल्या 'ना'चा काना अर्धाच उठलेला. हाताने मारलेले दोन शिक्के असे केसभरही न चुकता जुळतील का? एकावर पेनने 'इयत्ता ५ वी ब' लिहिलेलं. मागून बोट फिरवलं तर दाबाची खूण नाही. पोराचं अक्षरसुद्धा छापलेलं!

त्याचा फोन दोनदा वाजला, मग बंद. आयोजकांना गाठलं. "आम्ही फक्त टेबलाची जागा देतो, व्यवहार तुमचा तुमचा." ३०० रुपयांचं तिकीट आमच्याकडून घ्यायचं, टेबलाचं भाडं त्याच्याकडून घ्यायचं, आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत मागितली तर गोपनीयता! बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे शांतता. चौकीत गेलो तर तिथला पोरसवदा अंमलदार म्हणाला, "काका, कॉमिक्सला पस्तीस हजार? हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." सायबरवाल्यांनी चौकीकडे बोट दाखवलं, कारण माणूस समोर उभा होता. चौकीने सायबरकडे, कारण पैसे मोबाइलवरून गेले. शेवटी साधा अर्ज घेतला, तोही पोच द्यायला कुरकुर करत. हौसेची वस्तू म्हणून फसवणूक कमी होते का? याच रकमेचं सोनं असतं तर असे हसले असते का? खोटी वस्तू अस्सल म्हणून विकणं, नसलेल्या मालाचा इसार घेणं, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे. हे मी त्यांच्यासमोर म्हटलं, तर "तुम्ही वकील आहात का?" असं विचारलं. नाही. पण माझे पैसे गेलेत, आणि कायदा वाचायला वकील असावं लागत नाही.

चौकीने गुन्हा नोंदवून घेतला नाही तर तिथेच थांबू नका. लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे, शहरात पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मी पाठवली आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय चौकीतून उठायचं नाही, कितीही वेळ लागो.

मेळाव्याला जाताना खिशात भिंग आणि अतिनील टॉर्च ठेवा. आजचा बराचसा कागद त्या उजेडात निळसर चकाकतो, जुना न्यूजप्रिंट मंदच राहतो. घासाघीस नंतर, पिशवी आधी उघडायची. आणि इसार कुणालाही नाही, अगदी ओळखीतून आलेला असला तरी.

तुमच्याकडे अर्ध्या कान्याच्या जांभळ्या शिक्क्याचा अंक असेल तर तो टाकू नका, परतही विकू नका. पिशवी, चिकटपट्टी, पैसे दिल्याचा मेसेज, सगळं ठेवा आणि आपापल्या चौकीत लेखी अर्ज द्या. माझा एकट्याचा अर्ज त्यांनी फायलीत दाबला. दहा अर्ज एकाच माणसाविरुद्ध गेले, तर हा दिवाणी मामला म्हणून कुणाला हाकलता येणार नाही.